शेरा : नदी

बसमध्ये तिच्या पुढच्याच बाकावर बसलेला माणूस तिचा प्रबंध वाचत होता, आणि वाचता वाचता हसत होता. आधी तिला वाटलं, काळ्या कापडाची बांधणी आणि सोनेरी अक्षरं काय, जगातल्या सगळ्याच प्रबंधांना असतात. पण पाठीवरची अक्षरं तिरकी होती. सहा प्रतींपैकी एकीच्याच पाठीवर बाइंडरने अक्षरं तिरकी ठोकली होती आणि तिने तक्रार केल्यावर तो म्हणाला होता, "सहावी प्रत आहे ना बाई, ती कोण बघतंय." तीच ही सहावी. माणूस साठीचा असावा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उन्हाने रापलेली मान, बुटांना वाळलेला चिखल. पानं तो मागून पुढे उलटत होता. मधेच एका पानावर थांबला, बोटाने ओळ धरली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. बसने वळण घेतलं तशी ती दांडा धरून थोडी पुढे झुकली आणि तिला दिसलं, की तो परिशिष्ट तीन वाचतोय. परिशिष्ट तीनमध्ये नुसत्या तारखा होत्या. तारखा वाचून कुणी हसतं का, हे कोडं घेऊन ती उरलेले सात थांबे त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

चारशे बारा पानांत हसण्यासारखं कुठे काय आहे, हे तिने मनातल्या मनात पान पान उलटून पाहिलं. ऋणनिर्देशात नवऱ्याचे आभार मानताना 'चष्म्यांच्या दुकानातून वेळ काढून सर्व आलेख काढून दिले' असं लिहिलं होतं, त्यात फार तर कुणी मिशीत हसलं असतं. बाकी सगळा प्रबंध म्हणजे दुःखाचा कारखाना. एका नदीकाठच्या शाळेतली अनुपस्थिती, एकसष्ट वर्षांच्या हजेरीपटांच्या आधारे. नवरा सुरुवातीला म्हणाला होता, "न आलेल्या मुलांवर चारशे पानं. आली असती तर किती झाली असती?" ते मात्र तिने ऋणनिर्देशात घातलं नव्हतं. आज अकरा वाजता तोंडी परीक्षा. एकोणीस वर्षांचं काम तासाभरात इकडचं तिकडे होणार होतं, आणि होणार म्हणजे काय, झाल्यातच जमा होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी काल फोनवर सांगितलं होतं, "निकालाचा कागद पेन्सिलीने भरूनसुद्धा ठेवलाय. तू फक्त ये, बस आणि घाबरल्यासारखी दिसू नकोस." घरी सासूबाई सकाळी आठपासून नवे कपडे घालून खुर्चीत बसल्या होत्या. वय एकोणनव्वद, शाळा तिसरीपर्यंत. गेली कित्येक वर्षं त्या आल्यागेल्याला सांगत होत्या, की सून डॉक्टर झाली की मी मोकळी. लोक हसायचे. ती मात्र ते वाक्य ऐकलं की पट उघडून बसायची. गेल्या हिवाळ्यात सासूबाई दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा बाहेर येताना पहिला प्रश्न हाच, "तुझं कुठवर आलं?"

ती एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होती, म्हणजे हजेरीपटांशी तिचा संबंध पोटापाण्याचा. रोज सकाळी वर्गावर्गातून पट यायचे, ती बेरजा तपासायची, लाल शाईने एकूण लिहायची. नदीकाठची ती जुनी शाळा बंद पडून चाळीसेक वर्षं झाली होती. तिथले उरलेसुरले बाक आणायला तिला पाठवलं, आणि माळ्यावर बाकांच्याऐवजी तिला पट सापडले. एकसष्ट वर्षांचे, एकही वर्ष न तुटता, सुतळीने बांधलेले. पहिलाच पट उघडला तेव्हा आतून वाळलेल्या पानाचा आणि उंदरांचा मिळून असा वास आला, की तिला शिंका आवरेनात. शिंकत शिंकतच तिने पहिलं पान वाचलं. हजर मुलाला उभी रेघ, गैरहजराला गोल. शेवटी शेरा. शेऱ्यात 'ताप', 'लग्न', 'पाऊस', 'आजोबा वारले'. आणि जवळजवळ दरवर्षी एकदा, उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हातरी, एकाच दिवशी पटावर गोलच गोल. अठ्ठावन्नपैकी त्रेचाळीस गैरहजर, चौसष्टपैकी एकावन्न. शेरा एकच शब्द: नदी. एकसष्टपैकी त्रेपन्न वर्षांत हा दिवस येत होता. दुसऱ्या दिवशी सगळी रेघेत परत. बाक राहिले बाजूला. ती पट घेऊन घरी आली, आणि संसाराला एक सवत आली असं नवरा म्हणायला लागला. पण त्याच नवऱ्याने दुकान बंद केल्यावर भिंगाखाली पुसट गोल मोजून दिले.

त्या एका शब्दावर तिचं चौथं प्रकरण उभं राहिलं होतं. एका जुन्या सरकारी दप्तरात तिला कागद सापडला, की नदीकाठी चटयांचा एक ठेकेदार होता आणि एका वर्षी त्याने लव्हाळं कापायला शाळेतली मुलं लावली होती. तिच्या हातात जणू किल्लीच पडली. नदी म्हणजे काम. पुढचं सगळं भराभर सुचत गेलं. मुलांचं बालपण, आईबापांची नड, ठेकेदाराचं बोलावणं, शाळेची हतबलता. आणि दाखल क्रमांक तीनशे सतरा. ही एक मुलगी होती, पटात तिचं नाव होतं, पण प्रबंधात नावं घालायची नसतात म्हणून ती क्रमांक झाली. शेवटच्या काही वर्षांतली. सात वर्षं शाळेत होती, आणि सातही वर्षं नदीच्या दिवशी गैरहजर. एरवी ही मुलगी कधी चुकायची नाही. तापात सुद्धा यायची, शेऱ्यात 'ताप, तरी हजर' असं मास्तरांनीच लिहून ठेवलंय. आणि तो एक दिवस नाही. तिच्याबद्दल लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर नेहमी एक हडकुळा हात यायचा, बोटांवर लव्हाळ्याच्या धारदार पात्यांचे ओरखडे. एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तिला त्या मुलीसाठी रडू आलं होतं आणि सासूबाईंनी विचारलं होतं, "कोण गेलं?" ते एक पान सरांनी तसंच ठेवू दिलं होतं, आणि एरवी सर विशेषण दिसलं की लाल रेघ ओढत.

विद्यापीठाच्या थांब्यावर तो माणूस उतरला, ती उतरली. तो पुढे, ती दहा पावलं मागे. कसलाही कट नसताना पाठलाग केल्यासारखं तिला वाटत होतं, म्हणून ती पाण्याच्या टाकीपाशी उगाच थांबली. वरच्या मजल्यावरच्या शिपायाने तिला बघून मान हलवली. "किडेवाले सर आलेत तुमच्याला," तो म्हणाला. मग तिला उलगडलं, बसमधला तो माणूस म्हणजे तिच्या परीक्षेचा बाहेरचा सदस्य. या विद्यापीठात फार जुना नियम होता, की प्रत्येक तोंडी परीक्षेला एक सदस्य विषयाशी संबंध नसलेल्या शाखेतला हवा. पूर्वी कधीतरी आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना पास केल्याचा बोभाटा झाला, तेव्हा कुणीतरी हे कलम घातलं. आता त्याचा रिवाज झाला होता. बाहेरचा सदस्य प्रबंध वाचत नाही, प्रत त्याच्याकडे जाते आणि कपाटात बसते. परीक्षेच्या शेवटी तो सौजन्याचा एक प्रश्न विचारतो, बहुधा हाच, की या विषयाकडे आपण कशा वळलात. उमेदवाराने काहीतरी गोड सांगायचं, सगळ्यांनी हसायचं, आणि ते हसू ऐकलं की दाराबाहेर ट्रे घेऊन उभा असलेला चहावाला आत येतो. रसायनाच्या परीक्षेला संगीताचे, गणिताच्या परीक्षेला शेतीचे. तिनेही आपलं गोड उत्तर पाठ करून ठेवलं होतं, बाकांऐवजी पट सापडल्याचं. बाहेरचा सदस्य वाचूनच नव्हे, तर हसून येईल, याची तयारी कुठल्या पुस्तकात दिलेली नव्हती.

खोलीत लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, पाण्याचा जग आणि त्यावर उपडी ठेवलेली काचेची बशी. मधे अध्यक्ष, इतिहासाचे, जाड भुवयांचे. त्यांच्या उजवीकडे शिक्षणशास्त्राच्या बाई, डावीकडे सर. सर या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी, म्हणून त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडी मोडलेली नव्हती. टेबलाच्या टोकाला किडेवाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले, जणू बसमध्ये गप्पाच झाल्या होत्या. पुढचा पाऊण तास तिला नीट आठवणार नव्हता. ती बोलत होती एवढं खरं. आवाज कुठून येतोय हे न कळता येत होता, आणि बरा येत होता. अध्यक्षांनी साधनांविषयी विचारलं, तिने सांगितलं. तोंडी माहिती का घेतली नाही म्हणून विचारलं, तेव्हा तिने पान एकतीसवरचं वाक्य म्हणून दाखवलं, की माणसांची आठवण विश्वसनीय नसते, कागद बदलत नाही. अध्यक्षांच्या भुवया समाधानाने खाली आल्या. शिक्षणशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "चौथं प्रकरण वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या तीनशे सतराबद्दल तर मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे." तिला लाजल्यासारखं झालं. सरांनी घड्याळ पाहिलं आणि पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकवली. मग अध्यक्ष म्हणाले, "आता आमचे पाहुणे," आणि दाराशी कपांचा किणकिणाट झाला.

"मी नदीतल्या किड्यांवर काम करतो," किडेवाले म्हणाले. "इतिहासातलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणून मी मागून वाचलं. आमच्यात आधी आकडे बघायची सवय आहे. आकडे पटले की मग लेखक काय म्हणतो ते बघायचं. तर माझा प्रश्न असा, की लव्हाळं कापायला किती दिवस लागतात?"

"दोन-तीन आठवडे," ती म्हणाली.

"मग मुलं एकच दिवस कशी गेली?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं. ठेकेदार एका दिवसासाठी सगळ्यांना बोलवायचा, पहिल्या कापणीला. तळटीप त्र्याहत्तर. तिने ते सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच तिच्या कानाला ते उसनं वाटलं.

"आणि तो दरवर्षी निराळ्या तारखेला बोलवायचा? सव्वीस एप्रिल, चार मे, एकोणीस एप्रिल, अकरा मे?" किडेवाल्यांना तारखा तोंडपाठ होत्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला. पटांच्या शेवटच्या बावीस वर्षांत नदीच्या कार्यालयाने रोज पाण्याचं तापमान मोजलं होतं. एका ओळीत ठिपके होते, पाणी पुरतं तापलं त्या दिवसाचे. त्याखालच्या ओळीत तिच्या परिशिष्टातले दिवस. वरचा ठिपका डावीकडे सरकला की खालचाही सरकत होता. वरचा उजवीकडे गेला की खालचाही. "पाणी तापलं की चार दिवसांनी एक प्रकारचे किडे तळातून एकदम वर येतात," ते म्हणाले. "लाखांनी. पंख फुटतात, एक दिवस उडतात, संपतात. सकाळीच पाण्यावर त्यांची सालपटं तरंगायला लागतात, आणि नदीकाठच्या पोराला ती बरोबर दिसतात. दुपारी पूल पांढरा होतो. मासे तर वेडे होऊन वर येतात, टोपलीने काढावेत. अशी जुनी नोंद मी वीस वर्षं शोधतोय, पुराणवस्तू खात्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत. बाई, ती मुलं कामाला गेली नव्हती. पळून गेली होती. बसमध्ये मला ती दिसायला लागली हो, म्हणून हसू आलं."

पंखा कुरकुरत होता. चहावाल्याने दार थोडं उघडून आत पाहिलं, कुणी हसत नव्हतं, म्हणून परत लावलं. सर पुढे सरसावले. "बाहेरच्या सदस्याचा प्रश्न निकालाला लागू नसतो," ते अध्यक्षांना म्हणाले, जरा घाईने. अध्यक्षांनी मान डोलावली. "हो, प्रश्न रंजक आहे. पण उत्तर देण्याचं बंधन उमेदवारावर नाही. आपण पुढे जाऊ." पुढे म्हणजे चहा. पुढे म्हणजे पेन्सिलीच्या अक्षरांवर शाई फिरवायची, सह्या करायच्या, आणि तिने घरी जायचं, जिथे सकाळपासून एक खुर्ची तिची वाट बघत बसली होती. तिला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात ती आयुष्यभर हुशार होती. पण तिची नजर त्या ठिपक्यांवरून हलेना. ठिपके बघता बघता तिला दुसरंच काही दिसायला लागलं, ते कागदावर नव्हतंच. पटाचे दोन रकाने. सकाळची हजेरी, दुपारची हजेरी. नदीच्या दिवशी सकाळच्या रकान्यात गोल आहेत आणि दुपारचा रकाना कोरा. त्रेपन्नपैकी एक्केचाळीस वर्षं कोरा. यावरही तिने तळटीप दिली होती, अठ्ठ्याऐंशी: 'यातून शिक्षकांची अनास्था दिसते.'

"मास्तरही गेले होते," ती म्हणाली.

"काय?" सर म्हणाले.

"दुपारची हजेरीच घेतलेली नाही. मास्तरही नदीवर गेले होते. सगळे मास्तर. एक मास्तर गेले, दुसरे आले, तेही गेले."

किडेवाल्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "हे मला नव्हतं सुचलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निखळ मत्सर होता.

एकोणीस वर्षं ती ज्या मुलांची कीव करत आली, ती मुलं तिच्याकडे वळूनसुद्धा न बघता पळत होती. पाटी काठावरच, दप्तर काठावरच. हडकुळा हात अजून तिच्यासमोर होता, पण त्या हातात आता टोपली होती, टोपलीत मासा उसळत होता, आणि तीनशे सतराच्या केसांत, पापण्यांवर, उघड्या तोंडात पांढरे किडे. तापातसुद्धा शाळेत येणारी ती शहाणी मुलगी वर्षातून एकदा कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. तिला स्वतःची शाळा आठवली. दहा वर्षांत एकही गोल नाही. पूर्ण उपस्थितीचं बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती, आणि ती घेऊन व्यासपीठावरून उतरताना खिडकीबाहेर कुठल्यातरी वर्गातली टवाळ मुलं भिंतीवरून उड्या टाकताना तिला दिसली होती. त्या क्षणी तिला त्यांचा हेवा वाटला होता हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. म्हणूनच का ती न आलेल्यांच्या मागे लागली? म्हणूनच का त्यांना कामाला जुंपून मोकळी झाली, मजा तिच्या हिशेबातच बसत नव्हती म्हणून? तिला हसू यायला लागलं. ते दाबण्यासाठी तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पाणी नाकात गेलं, आणि एकोणीस वर्षांच्या साधनेच्या अंतिम घटकेला ती परीक्षक मंडळासमोर ठसकत, खोकत, हसत राहिली. तिला फार म्हणजे फारच आनंद झाला होता.

"सर," दम परत आल्यावर ती अध्यक्षांना म्हणाली, "चौथं प्रकरण चुकलंय."

"अहो, पण किती सुंदर लिहिलंय ते," शिक्षणशास्त्राच्या बाई कळवळून म्हणाल्या.

"सुंदर लिहिलंय. पण खरं नाही. एक वर्ष खरं आहे, ते मी त्रेपन्न वर्षांवर पसरलं."

"मॅडम, तुम्ही काय म्हणताय ते तुमच्या लक्षात येतंय ना?" अध्यक्ष म्हणाले. भुवया कपाळाच्या मध्यावर गेल्या होत्या. "उमेदवारच असं म्हणाला तर मला हे आज मंजूर करता येत नाही. सुधारणेला सहा महिने द्यावे लागतील. मग परत सगळं, प्रती, बांधणी, परीक्षा."

सहा महिने हे शब्द ऐकले तेव्हा तिला खुर्ची दिसली. नवे कपडे, खुर्चीच्या हातांवर ठेवलेले दोन सुरकुतलेले हात. आनंदात एक टोचणी घुसली आणि तिथेच बसली. आनंद तरीही हटला नाही. दोन्ही एकदम असतील असं तिला वाटलं नव्हतं. "द्या सहा महिने," ती म्हणाली. अध्यक्षांनी खिशातून खोडरबर काढलं आणि निकालाच्या रकान्यातली पेन्सिलीची अक्षरं अगदी कोपऱ्यापर्यंत नीट खोडली. चहावाल्याला शेवटी आतूनच हाक मारावी लागली. चहा गार झाला होता, पण सगळे प्यायले, आणि किडेवाले आणि इतिहासाचे अध्यक्ष अर्धा तास मास्तरांविषयी बोलत बसले. दुसरे मास्तर कोणत्या वर्षी आले, आणि नवीन मास्तरांना पहिल्या वर्षी नदीचं कुणी सांगितलं असेल, मुलांनीच ना, असं ते एकमेकांना विचारत होते.

व्हरांड्यात सर तिच्याजवळ आले. ती माफी मागायच्या बेतात होती. "महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होणार सर, आणि मी ही अशी."

"निवृत्त होतोय, मरत नाहीये," सर म्हणाले. "घरी ये. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तू माझं ऐकलं नाहीस. परिशिष्ट तीन मागे टाक, कुणी वाचत नाही, असं मीच म्हटलं होतं तुला." ते जिन्याकडे वळले. "टोपलीने मासे," ते म्हणाले आणि मान हलवत जिना उतरले.

परतीच्या बसमध्ये ती शब्द जुळवत होती. आई, थोडंसंच राहिलंय. आई, मान्य झालंय, फक्त एक दुरुस्ती. आई, तुम्ही रागावू नका. एकोणनव्वद अधिक अर्धं वर्ष ही बेरीज कुणालाही करता आली असती, तिला बेरजा तपासण्याचाच पगार मिळत होता. बाहेर दुकानं, फलक, माणसं सरकत होती. मधेच तिला मास्तर आठवायचे आणि हसू फुटायचं, आणि पलीकडची बाई जरा सरकून बसायची. घराचा जिना ती नेहमीपेक्षा सावकाश चढली.

नवऱ्याने दार उघडलं. टेबलावर केक होता, त्यावर क्रीमने 'डॉक्टर' लिहिलेलं, दुकानदाराने डॉ मोठा काढल्यामुळे क्टर कोपऱ्यात कोंबलेलं. सासूबाई खुर्चीत तशाच, ताठ.

"झालीस?" त्यांनी विचारलं.

"नाही झाले, आई." जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. "सहा महिने लागतील अजून. पास करतच होते. मीच सांगितलं चुकलंय म्हणून."

"तू सांगितलंस?" नवरा म्हणाला आणि केकच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

मग तिने सांगितलं. उभ्याउभ्याच, पिशवी खांद्याला तशीच. किडे, सालपटं, पांढरा पूल, टोपली. दुपारचा कोरा रकाना सांगितला तेव्हा नवरा म्हणाला, "थांब, ते कोरे रकाने मी स्वतः भिंगाखाली तपासलेत, मला वाटलं शाई उडाली," आणि डोक्याला हात लावून हसायला लागला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरांना कुणी जुंपलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"एक वर्ष सोडलं तर नाही."

"आणि ती पोरगी, जिच्यासाठी कणकेत रडलीस?"

"ती सगळ्यांत पुढे असणार."

"हे तुला आज कळलं."

"हो."

"कुणी म्हातारं नव्हतं का त्या गावात? एकाला तरी विचारायचंस."

पान एकतीसवरचं वाक्य तिला पाठ होतं, पण ते इथे म्हणायची तिची हिंमत झाली नाही. एकोणीस वर्षांत ती त्या गावाला बारा वेळा गेली होती. प्रत्येक वेळी थेट माळ्यावर, धुळीत, कागदांत. खाली ओट्यांवर माणसं बसलेली असायची, कुठून आलात म्हणून विचारायची, आणि ती घाईत आहे म्हणून पुढे जायची. तीनशे सतरा आज पंचाहत्तरीच्या आसपास असेल. हे गणित तिने कधी मांडलंच नव्हतं. ती मुलगी तिच्यासाठी नेहमी नऊ वर्षांची होती. कुठेतरी तिचं घर असेल, दार असेल, ते ठोठावता येईल.

"सहा महिने," सासूबाई स्वतःशी म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीच्या हातांवरची बोटं एकदा उघडली, मिटली. नवरा हसायचा थांबला. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, चांगलं निरखून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते त्यांना आवडलं असावं, कारण त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"एवढी खूश तर तू लग्नातही नव्हतीस," त्या म्हणाल्या. "काप तो केक. आणि उद्याच जा त्या गावाला. आधी सगळ्यात म्हाताऱ्यांना गाठ. ते काही सगळे माझ्यासारखे तुझ्यासाठी थांबायचे नाहीत."